‘भट्टी बंद करा’ असं सांगायचं कोणी?

कुतूहलकर

अणुप्रकल्पाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, असं विचारलं की बहुतेक जण ‘सरकारची’ म्हणून मोकळे होतात. कायदा मात्र तसं म्हणत नाही. जवळपास सगळीकडे पहिली जबाबदारी परवानाधारकाची असते, म्हणजे जो प्रकल्प चालवतो त्याची. नियामक व्हॉल्व्ह फिरवत नाही आणि वेल्डिंगही करत नाही. तो बघतो, प्रश्न विचारतो, गणितं तपासतो आणि वेळ आली तर काम थांबवतो. ‘वेळ आली’ हे ठरवायचं कोणी आणि कशाच्या जोरावर, यासाठी हा धागा.

अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथली कागदपत्रं उघडी असतात आणि तिथे एकाच देशात दोन अगदी वेगळे प्रयोग झालेत.

पूर्वी तिथे एकच अणुऊर्जा आयोग होता. अणुऊर्जेचा प्रसार त्यानेच करायचा आणि तिच्यावर अंकुशही त्यानेच ठेवायचा. १९७४ च्या कायद्याने हा आयोग मोडला. नियमनाचं काम जानेवारी १९७५ पासून न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनकडे (पुढे ‘एनआरसी’ म्हणतो) आलं. पाच आयुक्त, प्रत्येकाची मुदत पाच वर्षं, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, मंजुरी सिनेटची आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत. यांना परवाना देता येतो, रोखता येतो, दंड करता येतो, भट्टी बंद करता येते.

पण हे वीज बनवणाऱ्या नागरी प्रकल्पांपुरतं. अण्वस्त्रांचे कारखाने (हॅनफर्ड, सव्हाना रिव्हर, रॉकी फ्लॅट्स वगैरे) आयोगाच्या दुसऱ्या तुकड्याकडे गेले आणि पुढे ऊर्जा खात्यात आले. तिथे मालकही खातं, नियम करणारंही खातं आणि तपासणारंही खातंच! बाहेरच्या कोणाचीच नजर नाही. १९८८ मध्ये अमेरिकन संसदेने यासाठी एक वेगळं मंडळ काढलं: डिफेन्स न्यूक्लिअर फॅसिलिटीज सेफ्टी बोर्ड (पुढे ‘संरक्षण मंडळ’ म्हणतो). इथेही पाचच सदस्य. पण या मंडळाला ना परवाना देता येतो, ना दंड करता येतो, ना कारखाना बंद करता येतो. ते फक्त शिफारस करतं.

म्हणजे एका संस्थेच्या हातात सगळं आणि दुसरीच्या हातात एक पत्र. आता गंमत बघा. शिफारस आली की ऊर्जामंत्र्यांना ती मान्य आहे की नाही हे लेखी आणि जाहीरपणे सांगावं लागतं. ते उत्तर सरकारी राजपत्रात छापलं जातं. मान्य केली तर अंमलबजावणीचा आराखडा द्यावा लागतो. धोका तातडीचा असेल तर शिफारस थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाते. गप्प बसून विषय थंड होऊ द्यायची सोयच ठेवलेली नाही.

माझं मत असं होत चाललंय की नियामकाचे अधिकार किती, यापेक्षा त्याचं म्हणणं समोरच्याला उघडपणे नाकारावं लागतं की गुपचूप टाळता येतं, यावर जास्त काही ठरतं. मंडळींचं काय म्हणणं?

भोचक

धागा चांगला आहे, पण राजपत्रात छापून कधी कोणाची गळती थांबली आहे का?

जुना_फिटर

अणुवालं आपलं क्षेत्र नाही. रसायनाच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी झाली. तिथे सरकारी तपासनीस गेटवर आला की पहिला फोन शॉपफ्लोअरला. तो वरच्या साहेबांकडे चहा घेऊन खाली उतरेपर्यंत सगळ्यांची हेल्मेटं डोक्यावर आणि सांडलेलं सगळं पुसलेलं. तेव्हा कागदावरचे अधिकार ठेवा बाजूला, माणूस आत कधी येतो आणि कोणाला कळवून येतो ते सांगा.

सौदामिनी

@जुना_फिटर, तुमच्या गेटवरच्या फोनवर एनआरसीने चक्क नियम केलाय. निरीक्षक आत आला आहे ही बातमी कर्मचाऱ्यांनी किंवा कंत्राटदाराच्या माणसांनी आत कोणाला द्यायची नाही, आणि ती दिली जाणार नाही हे परवानाधारकाने बघायचं. निरीक्षकानेच सांगितलं तर गोष्ट वेगळी. तुमच्यासारखा कोणीतरी हा नियम लिहायला बसला असणार!

त्याशिवाय प्रत्येक वीज प्रकल्पावर एनआरसीचे किमान दोन निवासी निरीक्षक असतात. त्यांचं कार्यालय प्रकल्पाच्या आवारात असतं, पगार आयोगाचा. रोज सकाळी नियंत्रण कक्षात जाऊन रात्रपाळीच्या नोंदी वाचायच्या, कुठली यंत्रणा दुरुस्तीसाठी बाहेर काढलीय ते बघायचं, पंपाची चाचणी चालू असेल तर शेजारी उभं राहायचं. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि १९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर पक्की झाली. एकाच जागी फार वर्षं राहिलं की प्रकल्पातल्या लोकांशी मैत्र जुळतं, म्हणून सात वर्षांच्या आत बदली.

आता ‘बंद करा’ कोण म्हणतं, याविषयी. आपल्या डोळ्यांसमोर येतं की निरीक्षक धावत येतो आणि ओरडतो. असं जवळजवळ कधीच होत नाही. बंद करायची अट परवान्यातच लिहिलेली असते. आणीबाणीचे दोन डिझेल जनरेटर हवेत. एक बिघडला तर ठरलेल्या तासांत दुरुस्त करा, नाही झाला तर पुढच्या ठरलेल्या तासांत भट्टी थंड करायला लागा. घड्याळ बिघाड लक्षात आल्याक्षणी सुरू होतं. आदेशाची वाट बघायचीच नाही. निरीक्षकाचं काम हे बघायचं की घड्याळ खरंच वेळेवर सुरू केलं की ‘आत्ताच लक्षात आलं’ म्हणून चार तास लांबवलं.

वाचनमात्र

वाचतेय. एक प्रश्न. छोट्या चुका आणि मोठ्या चुका यांत फरक कसा करतात? एखाद्या कागदावर सही राहिली आणि पंप चालला नाही, दोन्हीला सारखीच नोटीस?

सौदामिनी

नाही. एनआरसीने २००० पासून रंग ठरवलेत: हिरवा, पांढरा, पिवळा, लाल. सापडलेल्या दोषामुळे भट्टीच्या गाभ्याला (जिथे इंधन असतं तिथे) इजा होण्याची शक्यता वर्षाला कितीने वाढली, याचं गणित मांडतात. दहा लाखांत एकपेक्षा कमी वाढली तर हिरवा. दहा हजारांत एकाच्याही वर गेली तर लाल. पांढरा आणि पिवळा मधल्या टप्प्यांत. रंग जितका गडद तितकी तपासणी वाढते आणि ती वाढीव तपासणी कुठल्या पातळीची हे आधीच तक्त्यात छापलेलं असतं, म्हणजे ‘आमच्यावरच का?’ म्हणायला जागा कमी.

माझा या पद्धतीवर एक आक्षेप आहे. गणित ज्या मॉडेलवर चालतं, त्यात ‘इथले लोक प्रश्न विचारायला घाबरतात’ हा आकडा टाकायची जागा नाही. सगळं हिरवं दिसत असताना आतून कुजत असू शकतं. कुजत असतं याचं उदाहरणही आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

भोचक

अवांतर: तपासणाऱ्याचा पगार कोण देतं? कारण मी ऐकलंय की एनआरसीचा बहुतेक खर्च कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून निघतो. मग झालंच की!

कुतूहलकर

खरं आहे, बहुतांश खर्च शुल्कातूनच वसूल होतो. पण तो पैसा कंपनीकडून थेट आयोगाच्या खिशात जात नाही. तो सरकारी तिजोरीत जमा होतो. आयोगाने वर्षाला किती खर्च करायचा ते संसद ठरवते. शुल्क भरलं नाही तर परवाना धोक्यात. ‘तुमचा निरीक्षक आम्हाला आवडला नाही, शुल्क कमी देतो’ असं म्हणता येत नाही. म्हणून मला यात मोठा दोष दिसत नाही. खरी कात्री संसदेच्या हातात असते. बजेट कापलं की निरीक्षक कमी होतात, आणि त्याची बातमी कोणी पहिल्या पानावर छापत नाही.

कायदेपंडित

थोडी कायद्याची बाजू. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुसुरक्षा करार झाला, १९९६ पासून लागू आहे. त्याच्या आठव्या कलमात म्हटलंय की अणुऊर्जेचा प्रसार किंवा वापर करणाऱ्या संस्थांपासून नियामकाचं काम प्रभावीपणे वेगळं राहील याची प्रत्येक सदस्य देशाने काळजी घ्यावी. पण ‘प्रभावीपणे’ म्हणजे किती, ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (मुख्यालय व्हिएन्नात) देशाने बोलावलं तर तज्ज्ञांचा गट पाठवते, अहवाल देते. कुठल्याही देशातली भट्टी बंद करायचा अधिकार तिला नाही. हे लिहितोय कारण ‘व्हिएन्नावाले बघून घेतील’ असा समज बराच पसरलेला आहे.

आणि आयुक्तांच्या ठरावीक मुदतीबद्दल. मुदतीला अर्थ तेव्हाच, जेव्हा मधेच काढता येत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकन राष्ट्राध्यक्षांनी एनआरसीचे एक आयुक्त, क्रिस्टोफर हॅन्सन, यांना मुदत संपायच्या आत काढून टाकलं. त्याआधीच्या महिन्यात निघालेल्या आदेशात नव्या भट्टीच्या अर्जावर १८ महिन्यांत निकाल द्या, असं आयोगाला बजावलं होतं. उशीर होतो ही तक्रार खोटी नाही, काही अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिलेत. पण निकालाची तारीख बाहेरून ठरायला लागली आणि आयुक्ताची खुर्चीही बाहेरूनच हलायला लागली, की ५० वर्षांपूर्वी वेगळी केलेली दोन कामं हळूहळू पुन्हा एकत्र यायला लागतात.

रेवा

जपानचं कोणी काढलंच नाही अजून! तिथली कथा तर या धाग्यासाठीच घडल्यासारखी आहे.

२००१ पासून तिथला नियामक होता निसा. तो कुठे होता? अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयात. त्याच मंत्रालयाचं काम अणुऊर्जा वाढवणं. अधिकारी आज निसामध्ये, उद्या प्रसाराच्या विभागात, निवृत्तीनंतर वीज कंपनीच्या आसपास.

त्याच्या जरा आधीची गोष्ट. २००० मध्ये एका माणसाने सरकारला कळवलं की टेप्को या वीज कंपनीच्या भट्ट्यांच्या तपासणीच्या नोंदींत फेरफार झालेत, तडे लपवलेत. तो तपासणीचं काम करणाऱ्या कंपनीत होता, म्हणजे ऐकीव माहिती नव्हती. सरकारी यंत्रणेने त्याचं नाव टेप्कोलाच कळवलं. प्रकरण बाहेर यायला २००२ चा ऑगस्ट उजाडला. मग कंपनीच्या अध्यक्षांसह वरचे लोक पायउतार झाले आणि एप्रिल २००३ पर्यंत टेप्कोच्या १७ च्या १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद झाल्या.

आणि फुकुशिमा. २००८ मध्ये टेप्कोच्या अंतर्गत गणितात साडेपंधरा मीटरहून उंच त्सुनामीची शक्यता आली होती. तो आकडा निसाला कधी दिला? ७ मार्च २०११. लाट आली ११ मार्चला. संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ च्या अहवालात या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं, आणि सरकार, नियामक, कंपनी यांच्या संगनमतावर बोट ठेवलं.

@कुतूहलकर, तुमच्या मूळ मुद्द्याला हे धरून आहे. निसाकडे अधिकार होते. तिला टाळायची गरजच पडली नाही, कारण तिने विचारलंच नाही.

जुना_फिटर

ज्याने कळवलं त्याचं नाव त्यांनाच दिलं?? मग पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल! आमच्याकडे तक्रारपेटी होती, ती साहेबांच्या केबिनबाहेर टांगलेली. 🙏

रेवा

हो ना. आणि यातली चीड आणणारी गोष्ट अशी की १९९९ च्या तोकाइमुरा अपघातानंतर जपानने कायद्यात खास कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी तरतूद केली होती. तो अपघात आठवत नसेल त्यांच्यासाठी: इंधन तयार करणाऱ्या कारखान्यात वेळ वाचावा म्हणून युरेनियमचं द्रावण स्टीलच्या बादल्यांनी टाकीत ओतत होते. टाकीत साखळी प्रक्रिया सुरू झाली, दोन कामगार गेले. बादलीची पद्धत मंजूर कार्यपद्धतीत नव्हती, पण कारखान्याने स्वतःपुरती लिहून ठेवली होती. बाहेरच्या कोणी प्रत्यक्ष उभं राहून काम बघितलं असतं तर एका दिवसात कळलं असतं.

सौदामिनी

सकाळी म्हटलं होतं ते उदाहरण. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला डेव्हिस-बेसी प्रकल्प. जरा लांबेल.

२००१ मध्ये दुसऱ्या एका प्रकल्पात भट्टीच्या झाकणातून कंट्रोल रॉडसाठी (साखळी प्रक्रिया आवरणाऱ्या कांड्यांसाठी) जाणाऱ्या नळ्यांना घातक प्रकारचे तडे सापडले. नळी तुटून उडाली तर थंड करणारं पाणी थेट बाहेर. ऑगस्टमध्ये एनआरसीने तशा सगळ्या प्रकल्पांना विचारलं: तुमची तपासणी कधी केली, पुढची कधी? सर्वाधिक शक्यतेच्या गटातल्यांनी वर्षाअखेरपर्यंत तपासावं, अशी अपेक्षा होती. डेव्हिस-बेसी म्हणालं, आमची इंधन बदलायची सुट्टी मार्चअखेर आहे, तेव्हा बघू.

एनआरसीच्या कर्मचाऱ्यांनी भट्टी बंद करायच्या आदेशाचा मसुदा तयार केला होता. हे महत्त्वाचं आहे. मसुदा तयार होता! तो निघाला नाही. वाटाघाटी झाल्या आणि १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली. थोडं तुमचं, थोडं आमचं.

मार्चमध्ये झाकण तपासताना जे सापडलं ते नळीच्या तड्यापेक्षा भयंकर होतं. तड्यातून झिरपणाऱ्या पाण्यातल्या बोरिक आम्लाने झाकणाचं पोलाद खाऊन टाकलं होतं. सोळा-सतरा सेंटिमीटर जाडीचं पोलाद एका जागी पार गेलेलं, आणि उरलं होतं ते आतल्या बाजूचं स्टेनलेस स्टीलचं अस्तर, एक सेंटिमीटरपेक्षा पातळ. ते अस्तर दाब पेलण्यासाठी नसतंच, गंज लागू नये म्हणून असतं. वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब ते पेलत होतं.

आता रंगांची गोष्ट. या प्रकल्पाचे निर्देशांक तोवर चांगले होते. आतली हवा तपासणाऱ्या उपकरणांच्या जाळ्या गंजाच्या भुकटीने वारंवार तुंबत होत्या, त्या बदलत राहिले. गंज कुठून येतोय हे शेवटपर्यंत कोणी शोधलं नाही. झाकणावर साठलेल्या आम्लाची माहिती निवासी निरीक्षकांच्याही नजरेखालून गेली होती. डोळे आत होते, अधिकार होते, मसुदाही होता.

नंतर एनआरसीच्याच महानिरीक्षकाने चौकशी केली. निष्कर्ष असा की तारीख पुढे ढकलण्यात कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं हा विचार मोठ्या प्रमाणात होता. भट्टी २००४ च्या मार्चपर्यंत बंद राहिली. २००५ मध्ये एनआरसीने ५४ लाख ५० हजार डॉलर दंड लावला.

तर माझं उत्तर: @कुतूहलकर, अधिकार कमी महत्त्वाचे नाहीत. ते वापरताना ‘अजून पुरावा हवा’ असं कोण कोणाला म्हणतं, हे महत्त्वाचं. डेव्हिस-बेसीच्या वेळी भट्टी असुरक्षित आहे हे एनआरसीने सिद्ध करायचं, असा कल झाला होता. खरं तर सुरक्षित आहे हे कंपनीने सिद्ध करायला हवं होतं.

भोचक

हा प्रतिसाद वाचून माझी ‘राजपत्र’ वाली टिंगल तशीच राहते, पण आता तुमच्या दात असलेल्या संस्थेचीही टिंगल करता येईल. 😄

कुतूहलकर

@सौदामिनी, पुराव्याचं ओझं कोणावर, हा मुद्दा मनापासून पटला. मी मांडलेल्या गोष्टीपेक्षा तो अधिक मुळाशी जातो. तरी माझा हट्ट थोडा शिल्लक आहे. तो आदेशाचा मसुदा जर त्याच वेळी उघड प्रसिद्ध झाला असता आणि ‘आम्ही तो काढत नाही, कारण…’ हे सहीनिशी लिहावं लागलं असतं, तर ती सही किती जणांनी केली असती?

@भोचक, तुमच्या गळतीचं उत्तर द्यायचं राहिलं. संरक्षण मंडळाचा पूर्ण विजय दाखवा म्हणाल तर दाखवणार नाही. अपयश दाखवतो. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात सुमारे ६५० मीटर खोल अण्वस्त्र कारखान्यांचा कचरा पुरतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी तिथे एका ट्रकला आग लागली, नऊ दिवसांनी एक पिंप फुटून किरणोत्सारी कण हवेत गेले आणि थोडे पृष्ठभागावरही पोचले. कारण काय? लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत पिंप भरताना द्रव शोषायला मातीपासून बनलेला पदार्थ वापरायच्या ऐवजी गव्हापासून बनलेला घातला होता, मांजरांच्या शौचपेटीत घालतात तो! कचऱ्यातल्या नायट्रेट क्षारांबरोबर तो तापत गेला. जवळपास तीन वर्षं ती जागा बंद होती. मंडळ होतं, खातं होतं, कंत्राटदाराचे तपासनीस होते, आणि शोषक बदलल्याचे परिणाम कोणाच्याच लक्षात आले नाहीत. एवढ्या खालच्या पातळीवरचा बदल मंडळाच्या मोजक्या अभियंत्यांना दिसणं अवघडच होतं.

पण मंडळाची एक गोष्ट मला फार आवडते. मोठ्या कारखान्यांवर त्यांचेही निवासी निरीक्षक आहेत आणि त्यांचे साप्ताहिक अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ‘या आठवड्यात अमुक इमारतीत हातमोजा फाटला, तमुक चाचणी पुढे ढकलली, कारण पटलं नाही.’ एक-दोन पानं, कोरडी भाषा. अण्वस्त्रांच्या कारखान्याबद्दल!

२०१८ मध्ये ऊर्जा खात्याने एक अंतर्गत आदेश काढून मंडळाला कुठली माहिती आणि कुठल्या जागा उपलब्ध होतील यावर मर्यादा आणायचा प्रयत्न केला. काहीच बिघडत नसतं तर एवढी खटपट कोणी केली असती? पुढे संसदेने कायदा दुरुस्त करून मंडळाचा प्रवेशाचा हक्क स्पष्ट लिहिला.

वाचनमात्र

आणि भारत? इतका वेळ कोणी विचारलं नाही म्हणून विचारते.

कायदेपंडित

थोडक्यात लिहितो, नाहीतर धाग्याचं रणांगण होईल. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं ते सरकारी आदेशाने, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखालचे काही अधिकार सोपवून. मंडळ उत्तरदायी अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. २०१२ मध्ये कॅगने यावर सविस्तर अहवाल दिला. नियम मोडल्याबद्दलचा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य. स्वायत्त प्राधिकरणासाठीचं विधेयक २०११ मध्ये मांडलं गेलं, २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानेही स्वातंत्र्य कायद्यात लिहा असं सुचवलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो नवा अणुऊर्जा कायदा केला, त्यात मंडळाला कायद्याने स्थान मिळालं. प्रत्यक्षात काय होतं ते त्यातले नियम, नेमणुका आणि बजेट ठरवतील.

मंडळाने काहीच केलं नाही, असा याचा अर्थ नाही. त्यांच्या सुरक्षा संहिता वाचून बघा, तांत्रिक काम बारकाईचं आहे.

भोचक

५०० रुपये! दंड वसूल करायच्या पत्रव्यवहारालाच जास्त खर्च येईल.

रेवा

कोणीतरी एखादं असंही उदाहरण द्या ज्यात नियामकाने वेळेवर थांबवलं. सगळे अपघातच वाचतोय.

सौदामिनी

एक देते. फ्रान्स, सप्टेंबर २०१७. त्रिकास्तँ इथे चार भट्ट्या, शेजारून कालवा जातो, आणि प्रकल्प कालव्याच्या पातळीपेक्षा खाली. कालव्याच्या बांधाचा काहीशे मीटरचा भाग सर्वात मोठ्या गृहीत भूकंपात टिकेल याची खात्री कंपनी देऊ शकत नव्हती. बांध फुटला तर चारही भट्ट्यांना एकदम पुराचा धोका. तिथल्या नियामकाने, एएसएनने, चारही भट्ट्या थांबवायला सांगितल्या. कुठे पाणी शिरलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. बांध बळकट केल्यावर डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली.

लक्षात घ्या, कंपनीत मोठा हिस्सा सरकारचाच होता, म्हणजे सरकारच्या संस्थेने सरकारच्याच कंपनीच्या चार भट्ट्या थांबवल्या. एएसएनच्या पाच आयुक्तांची मुदत सहा वर्षांची आणि पुन्हा नेमणूक नाही. त्यामुळे पुढच्या नेमणुकीसाठी कोणाला खूश ठेवायचं कारण उरत नाही. (२०२५ च्या सुरुवातीला ही संस्था आणि तिला तांत्रिक सल्ला देणारी संस्था एकत्र केल्या. सल्ला देणारे आणि निर्णय घेणारे वेगळे असावेत असं म्हणणारे तिथले अनेक तज्ज्ञ नाराज होते.)

या उदाहरणात पुराव्याचं ओझं बघा कुठे होतं. ‘बांध फुटेल हे तुम्ही सिद्ध करा’ असं कंपनीला म्हणता आलं नाही.

कुतूहलकर

झकास उदाहरण. जपानचंही दुसरं टोक जोडतो. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये निसा बरखास्त होऊन नवं प्राधिकरण आलं, पर्यावरण मंत्रालयाच्या छत्राखाली पण निर्णयात स्वतंत्र. तिथल्या कर्मचाऱ्यांनी प्रसार करणाऱ्या मंत्रालयांत परत जायचं नाही, असा नियमही केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्राधिकरणाने त्सुरुगा प्रकल्पाच्या दुसऱ्या भट्टीचा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज फेटाळला. नव्या निकषांखाली फेटाळलेला हा पहिलाच अर्ज. भट्टीच्या इमारतीखाली सक्रिय भ्रंश (भूकंपात सरकू शकणारी खडकातली भेग) असण्याची शक्यता कंपनीला नाकारता आली नाही, हे कारण. मधल्या काळात कंपनीने भूगर्भाच्या छिद्रांमधून काढलेल्या नमुन्यांच्या नोंदी बदलून सादर केल्याचंही उघड झालं होतं.

जुना_फिटर

नोंदी बदलल्या हे कसं कळलं त्यांना? कोणी सांगितलं की त्यांनीच पकडलं?

रेवा

प्राधिकरणाच्या तपासणीतच आलं. आधीच्या कागदपत्रांत खडकाच्या एका थराचं वर्णन वेगळं होतं आणि नंतर दिलेल्यांत वेगळं, कुठलीही खूण न करता बदललेलं. कोणीतरी दोन्ही संच शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. त्यावरून परीक्षणाचं काम मधे थांबवलं गेलं, कंपनीचा कारभार तपासला गेला, आणि मग अर्जाची छाननी पुढे गेली.

जुना_फिटर

म्हणजे जुने कागद फेकायचे नाहीत आणि वाचायला पगारी माणूस ठेवायचा. एवढं तर आमच्या स्टोअरकीपरलाही कळत होतं, त्याला विचारायला कोणी जायचं नाही इतकंच.

वाचनमात्र

@कुतूहलकर, ते साप्ताहिक अहवाल वाचायला सुरुवात कुठल्या कारखान्यापासून करू?

कुतूहलकर

हॅनफर्ड. तिथे जमिनीखाली किरणोत्सारी द्रवाच्या १७७ टाक्या आहेत आणि त्या रिकाम्या करायचं काम वर्षानुवर्षं चालूच आहे, त्यामुळे दर आठवड्याला काही ना काही असतंच. जुन्यापासून नव्याकडे वाचा. एकच व्हॉल्व्ह तीन-चार अहवालांत पुन्हा पुन्हा येतो तेव्हा मजा यायला लागते.